नमो अरहंतानं : लोहगडाच्या कुशीतलं एक साधं लेणं

खंडाळ्याला आजवर किती वेळा गेलो ते मोजणं मी कधीच सोडून दिलंय. राजमाची पॉइंट, भाजलेलं कणीस, चिक्कीची पाकिटं, आणि येताना एक्स्प्रेसवेवर तासभर ब्रेक-क्लच-ब्रेक. कॉलेजपासून तेच चाललंय. परवाच्या वीकेंडलाही तेच होणार होतं, पण मित्राच्या आईने एक प्रश्न विचारला आणि सगळा बेत बदलला.

हा मित्र म्हणजे माझा आधीच्या प्रोजेक्टमधला टीममेट. गुजराती जैन, पण तीन पिढ्या पुण्यात, त्यामुळे मराठी माझ्यापेक्षा चांगलं. त्याच्या घरचे सगळे खंडाळ्याला चार दिवस राहायला आले होते आणि मला जेवायला बोलावलं होतं. जेवण झाल्यावर काकू म्हणाल्या, "काय रे, तू ते जुनं जुनं वाचत असतोस ना? इथं आसपास आमचं एखादं जुनं देऊळ आहे का? लोणावळ्याचं नको, ते पाहिलंय. खरं जुनं."

मी म्हटलं, "आहे काकू. महाराष्ट्रातल्या सगळ्यांत जुन्यांपैकी आहे. पण त्याला देऊळ म्हणाल का, ते मला सांगता येणार नाही."

"म्हणजे?"

म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी मित्राला घेऊन बघायला गेलो. काकूंचे गुडघे दुखतात, त्या खंडाळ्यातच थांबल्या. हा लेख म्हणजे त्यांना नीट देता न आलेलं उत्तर आहे.

मावळात लेणी म्हटलं की आपल्या डोक्यात पक्की यादी असते. कार्ले, भाजे, बेडसे. फार झालं तर शेलारवाडी. सगळी बौद्ध, आणि सगळी एकाच कारणासाठी इथं. कोकणातल्या बंदरांतून माल घाटावर चढायचा तो याच बाजूच्या घाटांनी, आणि पुढे जुन्नर, तेर अशा पेठांकडे जायचा. वाटेवर व्यापारी, व्यापाऱ्यांकडे पैसा, आणि पैशाबरोबर दान. कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल शेठने स्वतःच्या दानाबद्दल कोरून ठेवलंय की हे सगळ्या जंबुद्वीपात उत्तम आहे. (आजचे बिल्डर उगाच बदनाम आहेत, होर्डिंगची परंपरा जुनी आहे :-)) बेडशाला नाशिकच्या आनंद शेठच्या मुलाचं नाव आहे. आणि आपण ज्याला मावळ म्हणतो ते नावसुद्धा कार्ल्याच्याच एका लेखात 'मामाल' या रूपात सापडतं. म्हणजे या खोऱ्याची सगळ्यांत जुनी कागदपत्रं डोंगरात कोरलेली आहेत, आणि ती बहुतेक सगळी बौद्ध संघाला दिलेल्या दानाच्या पावत्या आहेत.

या यादीत न बसणारे दोन लेख आहेत.

पहिला पाले इथला. कामशेतवरून नाणे मावळात आत शिरलं की पाले-उकसण भागात डोंगरात एक लेणं आहे. १९६९ साली आर. एल. भिडे यांना तिथं ब्राह्मी लेख दिसला. त्याचं वाचन आणि अभ्यास केला तो डेक्कन कॉलेजच्या दोन दिग्गजांनी, डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी. लेख छोटा आहे. सुरुवातीला 'नमो अरहंतानं'. पुढे मुद्द्याचं एवढंच, की भदंत इदरखित, म्हणजे संस्कृतात इंद्ररक्षित, याने लेणं आणि पोढी करवली. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. कान्हेरी-नाशिकच्या लेखांतही हा शब्द येतो. अक्षरांच्या वळणावरून सांकलिया आणि गोखले यांनी हा लेख इसवी सनपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकातला ठरवला, आणि पहिल्या दोन शब्दांवरून तो जैन असल्याचं मत दिलं.

दुसरा लेख सापडायला पुढची पन्नास वर्षं गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये पुण्याच्या काही भटक्या मंडळींना लोहगडाच्या पूर्व अंगाला, लोहगडवाडीच्या वर असलेल्या एका लेण्यात ब्राह्मी अक्षरं दिसली. सुरुवात तीच, अरहंतांना नमस्कार. नाव तेच, इदरखित. पाल्यापेक्षा लेख मोठा, आणि त्याने परिसरात करून दिलेल्या गोष्टींत पाण्याची टाकी आणि दगडात कोरलेले बाक.

विचार करा. ज्या गडावर दर पावसाळी रविवारी अर्धं पुणे आणि पाऊण मुंबई चढते, तिथे हा लेख दोन हजार वर्षं होता. जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी कोणी तिकडे त्या नजरेने बघितलं नव्हतं, एवढंच.

आम्ही लोणावळ्याहून लोकलने मळवलीला उतरलो (गाडी नेली असती तर पार्किंग शोधण्यातच सकाळ गेली असती), भाज्यावरून गायमुख खिंडीत चढलो आणि उजवीकडे लोहगडवाडीला. मित्र वाटभर खूश होता. "म्हणजे शिवाजी महाराजांच्या गडावर आमचं देऊळ!" मी गप्प होतो. लोहगड म्हटलं की सगळ्यांना आठवते ती सुरतेची लूट इथं ठेवली होती ही गोष्ट, चार दरवाजे आणि विंचूकाटा. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले त्यात हाही आहे. आता जो येतो तो गड बघायला येतो. पण हा डोंगर किल्ला होण्याच्या कितीतरी आधी कोणाच्या तरी उपयोगाचा होता, आणि तो उपयोग लढाईचा नव्हता.

लेण्यापाशी पोचल्यावर मित्र दोन मिनिटं इकडेतिकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अरे, देऊळ कुठंय?"

ही भीती मला होतीच. त्याच्या डोळ्यांसमोर काय असणार ते मला माहीत होतं: पांढरा संगमरवर, शिखर, रंगमंडप, नक्षीचे खांब, आणि गाभाऱ्यात स्फटिकाचे डोळे असलेली शांत मूर्ती. आमच्या समोर होता काळा बेसॉल्ट. दगडात खोदलेली एक जागा. डोकं सांभाळून आत शिरायचं, डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबायचं. कार्ल्याची पिंपळपानी कमान नाही, वेरूळची इंद्रसभा नाही.

मी म्हटलं, "हेच."

आता इथं थोडं थांबून सांगायला हवं. 'स्थापत्य' म्हटलं की आपण नक्षी शोधतो. आधी उपयोग बघितला पाहिजे. जैन साधू एका जागी राहत नाहीत. पायी फिरायचं, गावोगाव भिक्षा घ्यायची आणि पुढे जायचं. अपवाद फक्त पावसाळ्याचा. तेव्हा चार महिने एका ठिकाणी थांबायचं, कारण चिखलात, गवतात चालताना पावलाखाली असंख्य जीव मरतात. याच चातुर्मासात आजही जैन साधू-साध्वी एखाद्या गावात मुक्कामाला असतात. (बौद्ध भिक्षूंचा वर्षावासही त्याच कारणाने आणि त्याच महिन्यांत.) आता जागा बघा. लोणावळा-खंडाळ्याचा पाऊस, वर्षाला चार हजार मिलीमीटरच्या आसपास, आणि तो सगळा त्याच चार महिन्यांत. इथं झाडाखाली चातुर्मास होत नाही. पावसात टिकेल असं छप्पर लागतं, आणि सह्याद्रीत न गळणारं, न कुजणारं छप्पर एकच: डोंगर.

पाणी ही दुसरी गरज. जून ते सप्टेंबर धबाधबा कोसळणारा हाच डोंगर मार्चनंतर कोरडाठाक पडतो. बेसॉल्ट पाणी धरून ठेवत नाही, म्हणून खडकात टाकं खोदायचं आणि पावसाचं पाणी साठवायचं. पुढे गडकऱ्यांनीही तेच केलं. राहता राहिला बसायला-झोपायला बाक, म्हणजे ओल्या जमिनीपासून वीतभर वर राहता येतं.

छप्पर, पाणी आणि बाक. इदरखिताने जे करवलं त्याची यादी इथं संपते, आणि मला ती यादी फार आवडते. तिच्यात एकही शोभेची वस्तू नाही. आमच्या धंद्यात याला रिक्वायरमेंट म्हणतात, आणि आयुष्यात इतकी स्वच्छ रिक्वायरमेंट मला एकाही क्लायंटने दिलेली नाही.

मित्राने विचारलं, "पण मूर्ती का नाही? तेव्हा मूर्ती नव्हत्या का?" सरळ 'नव्हत्या' असं म्हणता येत नाही. ओडिशात उदयगिरीला खारवेल राजाचा हाथीगुंफा लेख आहे, साधारण याच काळातला. त्यात नंद राजाने नेलेला 'कलिंग-जिन' परत आणल्याचा उल्लेख आहे. बहुतेक अभ्यासक तो जिनाची मूर्ती म्हणून घेतात. मथुरेला इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकापासून तीर्थंकरांच्या मूर्ती ढिगाने मिळतात. पण मूर्ती असणं वेगळं आणि साधूच्या पावसाळी निवाऱ्यात ती ठेवणं वेगळं. महाराष्ट्रातली आपल्या परिचयाची मूर्तींची जैन लेणी, वेरूळची ३० ते ३४ क्रमांकांची, नवव्या-दहाव्या शतकांतली आहेत. लोहगडापासून तिथवर हजार वर्षं जातात. त्या काळात साधूच्या खोलीचं देऊळ होत गेलं. लोहगडावर दिसते ती सुरुवातीची बाजू.

मग खरा प्रश्न येतो, आणि तो मित्रानेच विचारला. "मूर्ती नाही, चिन्ह नाही. मग हे जैन आहे कशावरून? शेजारी भाजे आहे. हेही बौद्धच कशावरून नाही?"

अगदी बरोबर प्रश्न आहे. आणि खरं उत्तर असं, की सगळा डोलारा पहिल्या दोन शब्दांवर उभा आहे.

आमच्याकडे फाईल कुठल्या प्रकारची आहे हे कळायला तिच्या नावावर विश्वास ठेवत नाहीत. आतले पहिले काही बाइट्स वाचतात. पीडीएफ असेल तर ती तसं सांगते, जेपेग असेल तर तसं. पुढचा मजकूर काहीही असो, कोणाची फाईल ते सुरुवात सांगते. जुन्या लेखांतली नमस्काराची ओळ असंच काम करते. नाणेघाटात सातवाहनांच्या मोठ्या लेखाच्या सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य यांना नमस्कार आहे, आणि पुढे वैदिक यज्ञांची यादी येते. सुरुवात आणि आतला मजकूर जुळतात. मथुरेच्या जैन लेखांत अरहत वर्धमानाला नमस्कार असतो. हाथीगुंफेत अरहंतांना आणि सर्व सिद्धांना. बाजूच्या बौद्ध लेण्यांत अशी सुरुवात बहुधा दिसत नाही. तिथे थेट दात्याचं नाव, गाव आणि दान.

आता उलट बाजू. 'अरहंत' हा शब्द काही जैनांच्या एकट्याच्या मालकीचा नाही. बुद्धालाही अर्हत म्हणतात, आणि बौद्ध वंदनेतही तो शब्द आहे. पण तिथे तो एकवचनात येतो, भगवान बुद्ध या एका व्यक्तीसाठी. इथं तो अनेकवचनात आहे आणि कोणाचंच नाव नाही. 'जे जे अरहंत झाले त्या सगळ्यांना.' हा नवकार मंत्राच्या पहिल्या ओळीचा साचा आहे. मला हा मुद्दा वजनदार वाटतो.

दुसरा आक्षेप 'भदंत' या शब्दाचा. भाज्याच्या स्तूपांवर ज्या थेरांची नावं आहेत त्यांच्यामागे याच शब्दाचं 'भयंत' हे रूप लागलंय, आणि आजही बौद्ध भिक्षूंना आपण भदंत किंवा भंते म्हणतो. मग इदरखित बौद्धच नसेल कशावरून? इथं मी थोडा अडकलो होतो, त्यामुळे मित्रालाही "असू शकतं" एवढंच म्हणालो.

२०१९ च्या लेखाने हा वाद मिटला असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. दुसरा लेख मोलाचा आहे, पण वेगळ्या कारणाने. एकाच नावाचा माणूस, दोन जागी, तीच कामं करवतो. म्हणजे इदरखित हे एका भिंतीवरचं सुटं नाव राहत नाही. इंद्रायणीच्या खोऱ्यात फिरणारा, जागा हेरणारा, निवारे आणि टाकी करवून घेणारा एक माणूस दिसायला लागतो. पंथाच्या बाबतीत मात्र तो लेख नवा पुरावा देत नाही, तोच पुरावा दुसऱ्यांदा देतो. एकाच माणसाने दोन फाइली लिहिल्या तर हेडर सारखंच असणार. मला विचाराल तर जैन हे वाचन जास्त पटतं, पण ते ज्या खुंटीवर टांगलंय ती एकच आहे, हे विसरू नये.

मित्र हे सगळं ऐकून थोडा हिरमुसला. त्याला सर्टिफिकेट हवं होतं आणि मी त्याला प्रोबॅबिलिटी दिली.

म्हणून मग आम्ही अक्षरं शोधायला बसलो. ब्राह्मी वाटते तितकी अवघड नाही. 'न' म्हणजे उलटा इंग्रजी टी. 'म' म्हणजे खाली गोल आणि वर दोन शिंगं. 'त' म्हणजे उलटा वाय. टॉर्च समोरून मारला तर काहीच दिसत नाही, भिंत नुसती पांढरी होते. तो भिंतीला चिकटवून बाजूने मारायचा, म्हणजे खाचांत सावली बसते. (कृपा करून अक्षरांत खडू भरू नका. फोटो छान येतो हे मान्य, पण भरणारा स्वतःला जे दिसलं ते भरतो, आणि पुढचा माणूस दगडाऐवजी खडू वाचतो.) बऱ्याच वेळाने मित्राने एका उलट्या टी वर बोट धरलं, स्पर्श न करता, आणि मोठ्याने म्हणाला, "न... मो..." पुढचं त्याने वाचलं नाही, ते त्याला पाठच होतं. लहानपणापासून रोज सकाळी घरात ऐकलेलं. तो नंतर बराच वेळ काही बोलला नाही, आणि मीही नाही.

उतरताना मी त्याला माझी आवडती गोष्ट सांगितली. पाल्याच्या लेखात 'लेण' हा शब्द आहे आणि 'कारापित' हा शब्द आहे. पहिला आपण आजही तसाच वापरतो, फक्त वर अनुस्वार देऊन. लेणं. दुसरा म्हणजे 'करवलं'. आता श्रवणबेळगोळला चला. गोमटेश्वराच्या पायाशी मराठीतले जे प्रसिद्ध शब्द आहेत, ज्यांना वर्षानुवर्षं मराठीचा पहिला शिलालेख म्हटलं गेलं, त्यात क्रियापद कुठलं? 'करवियलें'. (आता पहिलेपणाचा मान अनेक जण अलिबागजवळच्या आक्षीच्या लेखाला देतात, तो वाद वेगळा.) जैन साधूचं पावसाळी लेणं आणि जैन सेनापतीने उभारलेली अवाढव्य मूर्ती, मध्ये हजार-अकराशे वर्षं, प्राकृताची मराठी झालेली, आणि वाक्य तेच: अमक्याने करवलं. तो लगेच म्हणाला, "म्हणजे क्रेडिट घ्यायची पद्धत बदलली नाही." बरोबर आहे. पण भूतपाल शेठसारखं 'जंबुद्वीपात उत्तम' असं काही इदरखिताचं पाल्याच्या भिंतीवर नाही.

संध्याकाळी खंडाळ्याला परत आलो तेव्हा काकू व्हरांड्यात बसल्या होत्या. मोबाइलवर फोटो दाखवले. मला वाटलं होतं त्या निराश होतील. त्यांनी फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, "साधू राहायचे का इथं?"

"हो, बहुतेक पावसाळ्यात."

"मग मूर्ती कशाला लागते? उपाश्रय आहे हा." हा शब्द मला दिवसभर सुचला नव्हता. साधू उतरतात ती जागा म्हणजे उपाश्रय, आजही प्रत्येक जैन वस्तीत असते. मी उगाच देऊळ की देऊळ नाही करत बसलो होतो.

मग मी त्यांना माझी अडचण सांगितली. लेखात भदंत शब्द आहे, तो बौद्धांकडे असतो, त्यामुळे शंका राहते वगैरे. काकू माझ्याकडे जराशा कीव केल्यासारख्या बघायला लागल्या. "अरे, आम्ही सामायिक घेताना काय म्हणतो? करेमि भंते. भंते म्हणजे गुरुमहाराज. रोजचं आहे ते आमचं."

खोलीवर जाऊन तपासलं. भदंत आणि भंते हे एकाच आदरार्थी शब्दाचे भाऊ, आणि जैन सूत्रांत भंते जागोजाग आहे. म्हणजे त्या शब्दावरून इदरखित बौद्ध ठरत नाही. जैनही ठरत नाही, दोघेही तो वापरायचे. पण माझा आक्षेप निम्म्याहून जास्त गळून पडला, आणि तो पाडला ज्यांनी लेणं बघितलंसुद्धा नाही अशा बाईंनी, चहा गाळता गाळता.

पुढच्या महिन्यात पाल्याला जायचं ठरलंय. कामशेतवरून गाडी बरीच आत जाते, शेवटचं चालणं काकूंना कितपत जमेल ते आधी एकटा जाऊन बघून येणार आहे. त्यांनी एकच गोष्ट विचारून यायला सांगितली आहे: टाक्यात पाणी राहतं का, आणि राहत असेल तर कोणत्या महिन्यापर्यंत.